आपत्काळी मनाचे रक्षण

घर पडले तर ते पुन्हा बांधता येते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु घराबरोबर त्या घरातील माणसाचे मनही कोसळते आणि त्याच्या उभारणीला दगडविटांहून निराळी सामग्री लागते, याची जाणीव थोड्यांनाच असते. भूकंप, महापूर, झंझावात अथवा युद्ध यांपैकी कोणतीही आपत्ती ओढवली म्हणजे दयाळू गृहस्थ धान्य, वस्त्रे, औषधे आणि द्रव्य घेऊन धावतात. हे दान श्रेष्ठच होय. तथापि धान्याची पोती रिती होऊन मदतीच्या गाड्या परतल्यावर, मध्यरात्री दचकून उठणाऱ्या माणसाजवळ कोण बसतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत पाठात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आपत्तीत मनाला काय होते?

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी, सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटा काही तासांत भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आदळल्या. भारताच्या मुख्य भूमीवर सर्वांत मोठी हानी तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्याची झाली. त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. ज्या समुद्राने पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांचे पोट भरले, त्याच समुद्राचे भय त्यांच्या मनात घर करून बसले. कित्येक मातांची मुले त्या एका सकाळी नाहीशी झाली, आणि त्यांपैकी अनेकींनी पूर्वीच संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. अशा मातांना पुन्हा संतती व्हावी म्हणून ती शस्त्रक्रिया उलटविण्याची विनामूल्य सोय तमिळनाडू शासनाला जाहीर करावी लागली. त्या एका निर्णयावरूनही तेथील दुःख किती खोल होते, याची कल्पना येऊ शकते.

अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाची झोप उडते. घडलेला प्रसंग इच्छा नसता पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. बारीकशा आवाजाने छाती धडधडते. अन्नावरची वासना जाते. कोणी एकसारखे रडते, कोणी क्षुल्लक कारणावरून संतापते, तर कोणाला काहीच वाटेनासे होते. पुष्कळांना आपण स्वतः वाचलो याचीच लाज वाटते आणि ‘माझ्या हातून त्याचा हात कसा सुटला’ हा एकच विचार त्यांना जाळीत राहतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या देहाची जी अवस्था वर्णिली आहे, गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, अंग कापणे, हातातील धनुष्य निसटणे, मन भ्रमणे, ती वाचताना एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. ही अवस्था त्या काळच्या एका अग्रगण्य शूराची आहे. तेव्हा संकटात ज्याचे हातपाय गळाले, त्याला भित्रा वा दुबळा म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, मोठ्या आपत्तीत सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला काही ना काही मानसिक क्लेश होतात आणि बहुतेकांचे क्लेश काळ जाईल तसे ओसरतात. थोड्यांचे मात्र ओसरत नाहीत. मागील दहा वर्षांत ज्यांनी युद्ध वा सशस्त्र संघर्ष अनुभवला, अशा लोकांत सुमारे २२ टक्के लोकांना विषण्णता, चिंता, आघातोत्तर विकार अथवा त्याहून गंभीर मनोविकार आढळतात, असा या संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे पाचांतील चौघांना मुख्यतः माणसांचा आधार हवा असतो आणि एकाला त्यासोबत उपचारही हवे असतात. हा भेद न ओळखल्यामुळे दोन चुका होतात. एक तर सर्वच शोकाकुलांना रोगी समजले जाते. नाही तर खऱ्या रोग्याला ‘होईल बरे आपोआप’ असे म्हणून सोडून दिले जाते.

शोक हा श्रद्धेचा अभाव नव्हे

धर्मनिष्ठ घरांतून एक गैरसमज आढळतो. ज्याची श्रद्धा दृढ त्याने रडू नये, आणि जो रडतो त्याची श्रद्धा उणी, असे मानले जाते. महाभारत याच्या उलट साक्ष देते. प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश ऐकलेला अर्जुन, अभिमन्यू पडल्याचे कळताच द्रोणपर्वात पुत्रासाठी आक्रोश करतो. सुभद्रेचा विलापही तेथेच आहे. भगवान त्या दोघांचे सांत्वन करतात. युद्ध संपल्यावर व्यासांनी स्त्रीपर्व या नावाचे एक संपूर्ण पर्व विलाप, दाहकर्म आणि जलदान यांना दिले आहे. राजधर्म आणि मोक्षधर्म यांचे विस्तृत निरूपण त्याच्या पुढच्या शांतिपर्वात येते. गीतेतही तत्त्वोपदेशाचा आरंभ अर्जुनाने आपली सर्व व्यथा बोलून दाखविल्यावर आणि ‘मी शिष्य आहे, मला शिकव’ अशा अर्थाची प्रार्थना स्वतः केल्यावर होतो.

यावरून सांत्वनाला जाणाऱ्याने एक नियम घ्यावा. न विचारलेले तत्त्वज्ञान शोकाकुलाच्या कानी घालू नये. ‘आत्मा अमर आहे, मग रडता कशाला?’ हे वाक्य सत्य असूनही त्या घटकेला निष्ठुर ठरते. ‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्द तर त्याहून घातक होत. कर्माचा सिद्धांत मनुष्याने स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरावर निकाल देण्यासाठी तो नाही. ज्या मातेच्या मनात ‘माझेच काही चुकले’ हा काटा आधीच रुतला आहे, तिला असे बोलणे म्हणजे तो काटा अधिक खोल रोवणे होय.

आधाराच्या चार पायऱ्या

आपत्तीत मनाचा सांभाळ कसा करावा, यावर जगभरच्या अनुभवांतून एक व्यवस्था सिद्ध झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आणि अन्य सेवासंस्थांच्या स्थायी समितीने २००७ साली त्यासंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये याच विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आधाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत.

पहिली पायरी अन्न, पाणी, निवारा आणि सुरक्षितता यांची. ही पुरविताना माणसाचा मान राखणे हेच मनावरचे पहिले औषध आहे. छावणीत स्त्रियांना आडोसा आहे की नाही, रात्री शौचाच्या वाटेवर दिवा आहे की नाही, शिधा वाटताना लोकांना भिकाऱ्याप्रमाणे ताटकळविले जाते काय, या गोष्टी मनाशी संबंध नसल्यासारख्या दिसतात. वस्तुतः मनाची पडझड वा सावरणे येथूनच सुरू होते.

दुसरी पायरी कुटुंबाची आणि शेजाराची. ताटातूट झालेल्यांना एकत्र आणणे, एका गल्लीतील लोकांना छावणीत जवळजवळ ठेवणे, भजन, पूजा, शाळा, पंचायत इत्यादी नित्याचे व्यवहार शक्य तितक्या लवकर चालू करणे, हे या पायरीत येते. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे दगावली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पक्की झाली; परंतु रुंद, सरळ रस्त्यांच्या त्या मांडणीत जुन्या गल्लीतील ओट्याला ओटा लागलेला शेजार पुष्कळ ठिकाणी विस्कटला. पुनर्वसन करताना भिंतींइतकाच शेजारही मोजावा लागतो, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

तिसरी पायरी शिकविलेल्या सामान्य माणसांची. शिक्षक, अंगणवाडी सेविका, परिचारिका, गावचे डॉक्टर आणि स्वयंसेवक यांना थोडे शिक्षण दिले असता ते दुःखिताला व्यवस्थित आधार देऊ शकतात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळात विषारी वायूची दुर्घटना घडल्यानंतर तेथील सामान्य डॉक्टरांनाच मनोविकार ओळखण्याचे व त्यांवर उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले. त्या कामात डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांचा मोठा वाटा होता. पुढे त्सुनामीनंतर बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने गावोगावच्या कार्यकर्त्यांना अशाच रीतीने तयार केले. चौथी आणि शेवटची पायरी मनोविकारतज्ज्ञांची. तिची आवश्यकता थोड्यांना असते. परंतु ज्यांना असते त्यांच्यासाठी ती टाळता येत नाही.

जवळ बसण्याची रीत

प्रत्येक गृहस्थाला करता येईल असे साहाय्य म्हणजे मानसिक प्रथमोपचार होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची पुस्तिका काढली. तिचे सार तीन क्रियांत सांगता येते : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे.

पाहणे म्हणजे जागा निर्धोक आहे काय आणि कोणाला तातडीची गरज आहे, हे नीट बघणे. गर्दीत मोठ्याने रडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. कोपऱ्यात निश्चल बसलेल्या वृद्धाकडे जात नाही. पूर्वीपासून फेफरे अथवा मनोविकार यांसाठी औषध घेणाऱ्याचे औषध पुरात वाहून गेलेले असते, आणि ते त्याला सांगताही येत नाही. अशांना शोधून काढावे.

ऐकणे म्हणजे मनुष्य जेवढे आपण होऊन बोलेल तेवढे मध्ये न तोडता ऐकणे. ‘रडून घ्या, सर्व सांगून टाका, म्हणजे मोकळे व्हाल’ असा आग्रह करू नये. घडलेला प्रसंग एकाच बैठकीत खोदून खोदून वदविण्याची रीत पूर्वी हितकर मानली जात असे. आता जाणकार तिचा सल्ला देत नाहीत. त्याचप्रमाणे ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?’ असेही म्हणू नये. शब्द सुचत नसतील तर पाण्याचा पेला पुढे करून स्वस्थ बसावे. आपण पाळू शकणार नाही असे वचन देऊ नये, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगू नये. आपत्काळी अफवा मनाला जितकी पोखरते तितके सत्यही पोखरत नाही.

जोडून देणे म्हणजे त्याला नातलगांशी, शासकीय साहाय्याशी आणि गरज असल्यास वैद्याशी गाठ घालून देणे. त्याचबरोबर त्याच्या हाती काही काम द्यावे. पंगतीत वाढणे, मुलांना गोष्टी सांगणे, नावांची यादी लिहिणे, असे कोणतेही काम चालेल. ज्याचे सर्वस्व गेले त्याला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे अनुभवू देणे, हा मोठा उपकार होय.

अंत्यविधी आणि बेपत्ता माणसे

मोठ्या आपत्तीत पुष्कळदा घाईघाईने सामुदायिक दफन वा दहन केले जाते. प्रेतांमुळे साथ पसरेल, ही भीती त्यामागे असते. परंतु आघाताने वा बुडून मेलेल्यांची शरीरे सामान्यतः साथीचे कारण होत नाहीत, असे आरोग्यशास्त्र सांगते. पिण्याचे पाणी मात्र त्यांच्यापासून दूर राखावे लागते. ओळख न पटविता झालेला घाईचा विधी नातलगांच्या मनात कायमची जखम करून ठेवतो. म्हणून प्रेताचे छायाचित्र, अंगावरील खुणा, वस्त्रे आणि स्थान यांची नोंद ठेवण्याचा आग्रह स्वयंसेवकांनी धरावा.

शरीर मिळालेच नाही, तर दुःखाला अंत राहत नाही. दि. १६ व १७ जून २०१३ रोजी केदारनाथच्या खोऱ्यात झालेल्या प्रलयात देशाच्या अनेक प्रांतांतील यात्रेकरू बेपत्ता झाले. घरी राहिलेल्या कुटुंबांना सौभाग्यलेणी उतरावीत की ठेवावीत, श्राद्ध करावे की वाट पाहावी, हेही ठरविता येईना. एरवी सात वर्षे वार्ता न लागलेल्या मनुष्यास मृत मानण्याचा कायदा आहे. त्या प्रसंगी शासनाने इतके न थांबता मृत्यूचे दाखले देण्याची विशेष व्यवस्था केली. धर्मशास्त्रकारांनीही या अवस्थेचा विचार केला आहे. शरीर न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचा दाह करण्याचा पालाशविधी त्यांनी सांगितला आहे. मनाला कोठेतरी निरोप घेता यावा, हे या विधीने साधते. मात्र तो केव्हा करावा हे कुटुंबाने आपल्या मनाच्या गतीने ठरवावे. ज्या घरात अद्याप आशा जिवंत आहे, त्या घरावर लोकलाजेखातर विधी लादणे हे क्रौर्यच होय.

मुलांविषयी

मूल रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही, असे समजू नये. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडीत नाही, अथवा खेळताना तोच पूर आणि तीच पडझड पुनःपुन्हा रचते. यासाठी त्याला रागे भरू नये. मृत्यू लपवून ‘बाबा गावाला गेले आहेत’ असे सांगू नये; मूल वाट पाहत राहते आणि पुढे सत्य कळल्यावर त्याचा घरातील सर्वांवरचा विश्वास उडतो. सोप्या आणि खऱ्या शब्दांत सांगावे, आणि ‘यात तुझा काही दोष नाही’ हे न विसरता सांगावे. निराधार मुलाला शक्यतो आप्तांतच, परिचित माणसांत ठेवावे. शाळा व खेळ लवकर सुरू करावेत. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर त्याच त्या विध्वंसाची दृश्ये मुलांपुढे चालू ठेवू नयेत; मोठ्यांनाही त्यांचा उपसर्ग होतोच.

वैद्याकडे केव्हा जावे?

साधारण एक महिना लोटल्यावरही झोप, अन्न आणि नित्यकर्म रुळावर येत नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये : मरणाची भाषा बोलणे, अन्नपाणी सोडणे, स्वतःची वा तान्ह्या मुलाची काळजी घेता न येणे, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे. असा मनुष्य एकटा राहू देऊ नये. घरातील कीटकनाशके आणि औषधांचा साठा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. ‘तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?’ असे शांतपणे विचारल्याने ते विचार उत्पन्न होत नाहीत. उलट मनुष्याला बोलण्याची वाट मिळते. भारत शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते.

दुःख बुडविण्यासाठी मद्याचा आश्रय घेणे म्हणजे एका आपत्तीत दुसरीची भर घालणे होय. झोपेच्या गोळ्याही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी वा शोकासाठी बेंझोडायझेपीन वर्गातील गोळ्या देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला आहे. ज्यांना पूर्वीपासून डॉक्टरांनी औषध दिलेले आहे, त्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये.

सेवा करणाऱ्याचे मन

प्रेते उचलणारे, ढिगारे उपसणारे आणि छावण्या चालविणारे यांचेही मन मातीचेच असते. अहोरात्र राबण्यात भूषण मानणारा सेवक काही दिवसांतच चिडचिडा होतो, नंतर कोरडा होतो, आणि शेवटी ज्यांच्यासाठी आला त्यांनाच टाकून बोलू लागतो. म्हणून पाळीपाळीने काम करावे, वेळेवर जेवावे, झोपावे आणि दिवसाअखेर सोबत्यांपैकी एकाशी तरी मोकळे बोलावे. अतिभोजन आणि उपवास, अतिनिद्रा आणि जागरण या दोन्ही टोकांना वर्ज्य करणारा गीतेतील युक्ताहाराचा उपदेश येथे अक्षरशः लागू पडतो.

आपत्ती येण्यापूर्वी

मनाचा हा सांभाळ आपत्तीच्या दिवशी अकस्मात शिकता येत नाही. ज्या घरात एरवीही परस्परांचे ऐकून घेण्याची सवय आहे, ज्या आळीत एकटा वृद्ध कोण राहतो आणि कोणाला कोणते औषध लागते हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे, तेथे संकट आले तरी माणूस एकाकी पडत नाही. आपत्तीनंतरही पहिल्या पंधरवड्याची धावपळ पुरेशी नाही. तीन महिन्यांनी, पहिल्या सणाला, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी दुःख पुन्हा उसळते. त्या वेळी दारात येणारे माणूस विरळा. गृहस्थाने आपल्या दैनंदिनीत हे दिवस टिपून ठेवावेत आणि त्या दिवशी रिकाम्या हातांनी का होईना, त्या घरी जावे. तेथे जाऊन फार बोलण्याची आवश्यकता नसते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण निघाली तर ती ऐकावी, आणि निघताना ‘पुन्हा येतो’ म्हणावे. आणि म्हटल्याप्रमाणे पुन्हा यावे.